मर्लिन: दोनशे फुल्यांत डांबरी रस्त्याचा खडबडीतपणा

रस्त्याचा खडबडीतपणा मोजणारं मर्लिन हे यंत्र कुठल्या शोरूममध्ये दिसायचं नाही. एखाद्या प्रयोगशाळा-साहित्यवाल्याकडून मागवायचं, नाहीतर नकाशा हातात देऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यायचं. बनवून घेतलेलं यंत्र विकतच्यापेक्षा कमअस्सल ठरत नाही, कारण मुळात त्याची आखणीच साध्या वर्कशॉपसाठी झाली आहे. ब्रिटनमधल्या ट्रान्सपोर्ट अँड रोड रिसर्च लॅबोरेटरीत एम. ए. कंडिल यांनी ते विकसित केलं आणि १९९१ मध्ये त्याचा अहवाल निघाला. महागडी यंत्रं परवडत नाहीत अशा देशांतले रस्ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. नाव म्हणजे ‘मशीन फॉर इव्हॅल्युएटिंग रफनेस युझिंग लो-कॉस्ट इन्स्ट्रुमेंटेशन’ याची आद्याक्षरं. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कुठे गेले ते पुढे येईलच. मोबाइल ॲप किंवा गाडीत बसवलेलं सेन्सर वापरून रस्त्यांना श्रेणी देणाऱ्यांनी मात्र हे परीक्षण आधी वाचावं. त्यांच्या आकड्यांना आधार द्यायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

यंत्राकडे पाहिल्यावर पहिल्यांदा हसूच येतं. पुढे सायकलचं चाक आणि सायकलचाच फोर्क, मागे ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची लांब तुळई, शेवटी एक पाय आणि हातगाडीसारख्या दोन मुठी. बाजूला आणखी एक टेकू, यंत्र आडवं पडू नये म्हणून. चाक जिथे रस्त्याला टेकतं तिथून मागच्या पायापर्यंतचं अंतर १.८ मीटर. बरोबर मध्यावर एक शोधक टोक रस्त्याला टेकलेलं असतं आणि ते एका झुलत्या दांडीला जोडलेलं असतं. दांडीची कीलक म्हणजे सायकलचाच हब. दांडीच्या दुसऱ्या टोकाला काटा, काट्यामागे वाकवलेला पत्रा, पत्र्यावर कागद. शोधक टोक १ मिलिमीटर हललं की काटा १० मिलिमीटर सरकतो. यंत्राची सगळी करामत एवढीच. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, ‘सर्व्हर डाउन आहे’ हे ऐकायची वेळ नाही.

शोधक टोक आणि मागचा पाय दोन्ही १२ मिलिमीटर रुंद असतात आणि चाकोरीच्या दिशेने १०० मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेले असतात. वर्कशॉपवाला हमखास फसतो तो इथेच. ‘टोक’ म्हटलं की तो टोकदार सळई लावून देतो. मग ती खडीच्या दोन दाण्यांमधल्या फटीत घुसते आणि रस्त्याच्या चढउताराऐवजी खडीचा पोत मोजत बसते. सील कोट (डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरलेला थर) केलेल्या रस्त्यावर तर आकडा उगाचच फुगतो.

मोजणी चाकोरीतून करायची. चाकोरी सोडून चालण्याचं कौतुक इथे कामाचं नाही. गाड्यांची चाकं ज्या पट्ट्यातून जातात तिथेच यंत्र चालवायचं. चाकाच्या रिमवर एक ठळक खूण केलेली असते. खूण खाली आली की थांबायचं, मुठी खाली सोडून मागचा पाय, टेकू आणि शोधक टोक रस्त्याला टेकू द्यायचं, काटा स्थिर झाला की तो ज्या रकान्यावर आहे तिथे कागदावर फुली मारायची. कागदावर ५० रकाने, प्रत्येक ५ मिलिमीटरचा. त्याच रकान्यात पुन्हा काटा आला तर फुली आधीच्या फुलीच्या वर. शेजारी मोजदादीचा चौकोन असतो, त्यातही एक फुली. मग मुठी उचलायच्या, फक्त चाक जमिनीवर ठेवून एक पूर्ण फेरा पुढे जायचं, खूण पुन्हा खाली. अशा २०० फुल्या. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, म्हणजे एका कागदात सुमारे ४१४ मीटर रस्ता बसतो.

खूण खालीच का, हा प्रश्न नवीन माणूस विचारतोच, आणि विचारावाच. सायकलचं चाक अगदी गोल कधी नसतं. समजा एका जागी ते २ मिलिमीटर उंच आहे. यंत्राचं पुढचं टोक २ मिलिमीटर उचललं तर मध्य १ मिलिमीटरने उचलला जातो आणि काटा १० मिलिमीटर सरकतो, म्हणजे थेट दोन रकाने. दर वेळी चाकाची तीच जागा खाली असेल तर ही चूक सगळ्या फुल्यांना सारखीच लागते. सगळा ढीग डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, त्याची रुंदी बदलत नाही, आणि आपल्याला हवी असते ती रुंदीच. हेच गणित हवेलाही लागू. सुरुवातीपासून हवा थोडी कमी असेल तर बिघडत नाही. पण चालता चालता बारीक पंक्चर झालं आणि टायर ४ मिलिमीटर बसला, तर काटा हळूहळू २० मिलिमीटर सरकतो आणि ढीग पसरतो. रस्ता जसा आहे तसाच असतो, कागद मात्र तो वाईट असल्याचं सांगतो. म्हणून टायर शक्यतो गुळगुळीत नक्षीचा घ्यावा आणि प्रत्येक कागदाच्या सुरुवातीला व शेवटी हवा तपासावी.

कागद काढल्यावरचं काम टेबलावरचं. डाव्या टोकाकडून फुल्या मोजत यायचं आणि दहावी व अकरावी यांच्यामध्ये उभी रेघ मारायची. उजवीकडूनही तसंच. दोन रेघांमधलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ‘डी’. एक कागद जवळून पाहू. डावीकडून १२व्या रकान्यात १ फुली, १४व्यात २, १५व्यात ४, १६व्यात ६. पंधराव्यापर्यंत सात झाल्या, दहा भरायला सोळाव्यातल्या सहापैकी तीन हव्यात. म्हणून रेघ सोळाव्या रकान्याच्या मधोमध, म्हणजे कागदाच्या कडेपासून ७७.५ मिलिमीटरवर. उजवीकडून ३२व्यात १, ३०व्यात २, २९व्यात ३, २८व्यात ४. बरोबर दहा, आणि अकरावी सत्ताविसाव्यात. रेघ २७ आणि २८ च्या सीमेवर, १३५ मिलिमीटरवर. डी झाला ५७.५.

आता यावरून आयआरआय, म्हणजे खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक, काढायचं सूत्र: आयआरआय = ०.५९३ + ०.०४७१ × डी. उत्तर येतं ३.३० मीटर प्रति किलोमीटर. आपल्याकडे अजूनही बंप इंटिग्रेटरच्या (गाडीमागे ओढून हादरे मोजणाऱ्या यंत्राच्या) भाषेत बोलण्याची सवय आहे, म्हणून ६३० × आयआरआयचा १.१२ वा घात हे रूपांतर केलं तर साधारण २४०० मिलिमीटर प्रति किलोमीटर. ज्यांनी रकान्याच्या आत रेघ मारण्याचा कंटाळा केला आणि ती सरळ रकान्याच्या कडेवर ओढली, त्यांचं उत्तर तिथेच अडीच मिलिमीटरने चुकलं. दोन्हीकडे तसं केलं तर पूर्ण एक रकाना, म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ २०० मिलिमीटरचा फरक.

हा फरक लहान वाटत असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या विशेष प्रकाशन १६ च्या २००४ च्या आवृत्तीतल्या मर्यादा बघा. बिटुमिनस काँक्रीटचा (दाट डांबरी मिश्रणाचा) रस्ता २००० च्या खाली चांगला, २००० ते ३००० मध्यम, ३००० च्या वर खराब, असं तिच्यात धरलं होतं. याच मर्यादा वरच्या सूत्रांतून उलट्या चालवून डीमध्ये आणल्या तर २००० म्हणजे ४७ मिलिमीटर आणि ३००० म्हणजे ७३. ‘चांगला’ आणि ‘खराब’ यांच्यामध्ये कागदावर जेमतेम पाच रकाने उरतात! प्रीमिक्स कारपेटला (पातळ डांबरी थराला) मर्यादा सैल होत्या, ३००० आणि ४०००, म्हणजे डी ७३ आणि ९८. तिथेही पाचच रकाने. एका रकान्याची चूक म्हणजे श्रेणीच्या पाचव्या हिश्शाची चूक.

म्हणूनच जुळवणीची चकती हा या यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नेमका तोच हरवतो. साधारण ५० मिलिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर जाडीची धातूची चकती असते. तिची जाडी मध्यभागी व्हर्नियरने मोजून तिच्यावरच कोरून ठेवावी. यंत्र सपाट फरशीवर उभं करायचं, काट्याची जागा कागदावर टिपायची, शोधक टोक उचलून खाली चकती सरकवायची, पुन्हा टिपायची. ६ मिलिमीटरला ६० मिलिमीटर अंतर यायला हवं. ५७ आलं तर दांडीचं प्रमाण कमी पडतंय. प्रत्येक डीला ६० भागिले ५७ ने गुणायचं. वरच्या उदाहरणातला ५७.५ मग ६०.५ होतो आणि २४०० चे सुमारे २५०० होतात. सकाळी एकदा आणि काम संपल्यावर एकदा, दोन्ही वेळा करायचं. संध्याकाळचा आकडा सकाळच्यापासून सरकलेला असेल तर कीलकेत खेळ आला आहे. सायकलच्या हबमधले कोन (छर्रे धरून ठेवणारे शंकूसारखे नट) सैल झाले की काटा त्याच जागी दोनदा टेकवूनही वेगवेगळा थांबतो. सायकल दुकानात पाच मिनिटांत कसून मिळतं. गुण कापायचे तर इथे नाही कापणार. दुरुस्ती गावात होणं हा या यंत्राचा मोठेपणा आहे.

गुण कापायचे ते मर्यादांसाठी. सूत्र डी ४२ ते ३१२ या टप्प्यात बसवलेलं आहे. बंप इंटिग्रेटरचे १८०० मिलिमीटर प्रति किलोमीटर म्हणजे डी जवळपास ४२, अगदी उंबरठ्यावर. म्हणजे नव्याकोऱ्या, पेव्हरने नीट टाकलेल्या रस्त्याची पावती फाडायला हे यंत्र वापरू नये. त्या कामाला लेझर प्रोफाइलर, किंवा निदान ३२ किलोमीटर वेगाने ओढलेला, टायरमध्ये २.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा असलेला, नीट जुळवलेला बंप इंटिग्रेटर हवा. दुसऱ्या टोकाला, फारच उखडलेल्या रस्त्यावर काटा कागदाबाहेर जातो. अशा वेळी फुली शेवटच्या रकान्यात मारायची. तिथे एका बाजूला दहापेक्षा जास्त जमल्या तर कागद बाद. मग शोधक टोक दांडीवरच्या दुसऱ्या भोकात लावून प्रमाण दहाऐवजी पाच करायचं आणि आलेला डी दुप्पट धरायचा. बनवून घेताना हे दुसरं भोक मागायला विसरू नका.

यापेक्षा मोठी मर्यादा १.८ मीटर या अंतरातच आहे, आणि तिच्याबद्दल माहितीपत्रकं गप्प असतात. हे यंत्र एका काल्पनिक सरळ रेषेच्या मध्यापासून रस्ता किती वर-खाली आहे एवढंच बघतं. रस्त्यावर ठरावीक अंतराने लाटा असतील तर उत्तर लाटेच्या लांबीवर ठरतं. बरोबर १.८ मीटरची लाट दुप्पट दिसते. ०.९ मीटरची लाट अजिबात दिसत नाही, कारण चाक, टोक आणि पाय तिन्ही एकाच वेळी माथ्यावर किंवा तिन्ही खळग्यात येतात. सिग्नलजवळ, एसटी थांब्यापाशी, घाटातल्या उतारावर ब्रेक लागून डांबर सरकतं आणि पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. त्या वळ्या नऊ मिलिमीटर उंच असोत की एकोणीस, माथ्या-माथ्यातलं अंतर ०.९ मीटरजवळ आलं की मर्लिन त्या रस्त्याला भलताच चांगला ठरवेल. अशा ठिकाणी ३ मीटरची सरळपट्टी आणि पाचर घ्यावी, यंत्र बाजूला ठेवावं.

लांब लाटांचं उलटं. १० मीटर लांबीच्या लाटेचा फक्त सहावा हिस्सा यंत्रापर्यंत पोचतो, १५ मीटरच्या लाटेचा सात टक्के. आता आयआरआय ज्या नमुना-गाडीच्या गणितावर उभा आहे ती २.४ आणि १५.४ मीटरच्या आसपासच्या लाटांना सगळ्यात जास्त हादरते. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात मोजलेल्या रस्त्यांवर मर्लिनचं सूत्र बसवलं गेलं, आणि सर्वसाधारण रस्त्यावर लांब आणि आखूड लाटांचं प्रमाण ठरावीक असतं म्हणून ते चालतं. मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या कपाशीच्या मातीवरचा रस्ता सर्वसाधारण नसतो. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर शाबूत असूनही गाडी होडीसारखी डुलते. त्या रस्त्यावर मर्लिनचा आकडा बसणाऱ्याच्या अनुभवापेक्षा बराच सौम्य येतो. तिथे हा आकडा एकट्याने अहवालात टाकू नये.

खड्ड्यांचंही तसंच. दोन्ही टोकांच्या दहा-दहा फुल्या आपण हिशोबातून काढतो. म्हणजे ४१४ मीटरमध्ये आठ-नऊ वेळा टोक खोल खड्ड्यात गेलं तरी डीला फारसा धक्का लागत नाही. सूत्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, एखाद्या अपवादाने सगळा आकडा बिघडू नये. पण दुचाकीवाल्याचा हात मोडायला एकच खड्डा पुरतो. तेव्हा मर्लिनबरोबर चालत जाऊन डोळ्यांनी केलेली पाहणी हवीच: तडे किती टक्के क्षेत्रावर, त्यातले मगरीच्या पाठीसारखे किती, खडी कुठून सुटायला लागली, ठिगळं किती, चाकोरी किती खोल. इंडियन रोड्स काँग्रेसच्याच आयआरसी ८२ या संहितेची २०१५ ची आवृत्ती या नोंदींवरून १ ते ३ अशी श्रेणी देते, त्यात ३ कडे चांगला. अमेरिकेतल्या पेसर पद्धतीत १० म्हणजे नवा आणि १ म्हणजे संपलेला. पीसीआयमध्ये (पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स) १०० पासून सुरू करून दोषांप्रमाणे गुण वजा होतात. कुठलीही वापरा, पण खडबडीतपणाच्या आकड्याशेजारी ती ठेवा. मगरपाठी तडे पडलेला रस्ता एप्रिलमध्ये मर्लिनवर ‘चांगला’ येऊ शकतो, आणि तडे भरले नाहीत तर तोच रस्ता पहिल्या जोरदार पावसात फुटतो. खालच्या थरांची ताकद यातल्या कशातच कळत नाही. त्याला मागच्या धुऱ्यावर ८१७० किलो भार असलेला ट्रक आणि त्या भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणारा बेंकलमन बीम लागतो.

वेगाला पाचपैकी एक गुण, तोही दया म्हणून. एका फुलीला १० सेकंद धरली तर २०० फुल्यांना ३३ मिनिटं. दुपदरी रस्त्याच्या चार चाकोऱ्या, किलोमीटरला साधारण अडीच कागद, म्हणजे एक किलोमीटर पूर्ण मोजायला साडेपाच तास. चहापाणी आणि बैलगाडीला वाट देणं धरलेलं नाही. तालुक्याचे सगळे रस्ते याने मोजायचे म्हणणाऱ्याने गणित केलेलं नसतं. शिवाय यंत्र ढकलणारा सतत कागदाकडे बघत असतो, म्हणून मागे लाल झेंडी आणि रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे शंकू घेऊन दुसरा माणूस हवाच. एकट्याने करायचं हे काम नाही. वारा असेल तर कागद चारी कोपऱ्यांना चिमट्यांनी बांधावा. उन्हाळ्यात दुपारी डांबर वर आलेल्या रस्त्यावर काम करू नये: डांबर शोधक टोकाला चिकटतं, त्याला बारीक खडी चिकटते आणि दोन-तीन मिलिमीटरचा बूट तयार होतो. दर दहा-वीस फुल्यांनी टोक खालून पुसायची सवय ठेवावी. आणि खूण खड्ड्यावर आली तर खड्ड्यावरच फुली. ‘इथे नको, जरा पुढे घेऊ’ म्हणणाऱ्याच्या हातात यंत्र देऊ नये.

मग हे घ्यावं कोणी? ज्यांच्याकडे गाडीवर बसवलेलं यंत्र किंवा मोबाइल ॲप आहे त्यांनी. फोनमधला सेन्सर गाडीचा हादरा मोजतो, रस्ता नाही. जीप बदलली, शॉकॲब्सॉर्बर बदलले, टायरची हवा बदलली, डॅशबोर्डवरचा स्टँड सैल झाला की आकडा बदलतो. यावर उपाय जुना आणि साधा आहे. गुळगुळीत ते उखडलेल्या अशा वेगवेगळ्या दर्जाचे सहा ते आठ तुकडे निवडायचे. प्रत्येक तुकडा ४००-४५० मीटर, सरळ, गतिरोधक नसलेला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. गाडीची दोन्ही चाकं ज्या चाकोऱ्यांतून जातात त्या दोन्ही मर्लिनने मोजून सरासरी काढायची. मग तीच गाडी, तोच चालक, तोच वेग, तेवढीच माणसं बसवून प्रत्येक तुकड्यावरून किमान तीनदा न्यायची. आडव्या अक्षावर गाडीचा आकडा, उभ्यावर मर्लिनचा आयआरआय, आणि बिंदूंमधून रेषा. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण त्यानंतर गाडी दिवसाला शेकडो किलोमीटर जे मोजेल त्याला अर्थ असतो. बिंदू रेषेपासून फारच विखुरलेले दिसले तर आधी गाडी तपासा, मर्लिन नंतर. तुकड्यांच्या सुरुवातीला-शेवटी साईडपट्टीजवळच्या पक्क्या जागी रंगाने खुणा करून ठेवा, गाडीचे टायर बदलले की पुन्हा तिथेच यायचं आहे. या कामासाठी मर्लिनला पूर्ण पाच गुण.

बनवून घेणार असाल तर ताबा घेताना एवढं बघा. चाकाचा टेकबिंदू ते पाय १.८ मीटर आणि शोधक टोक बरोबर ०.९ वर, टेपने स्वतः मोजून. सांधे वेल्ड केलेले, पण मुठी आणि बाजूचा टेकू नटबोल्टने, नाहीतर जीपमध्ये मावणार नाही. शोधक टोकाकडची दांडी टप्पा काढून वर उचललेली, म्हणजे खडबडीत रस्त्यावर ती स्वतःच जमिनीला घासणार नाही. कागदामागचा पत्रा काट्याच्या वाटेप्रमाणे वाकवलेला. सपाट पत्रा असेल तर कडेच्या रकान्यांत काटा कागदापासून दूर राहतो आणि तिरक्या नजरेने फुली शेजारच्या रकान्यात पडते. सपाट फरशीवर काटा साधारण मध्यावर, नेमका मध्य नसला तरी चालेल. मग एकाच जागी दहा वेळा उचलून टेकवायचं. दहाच्या दहा फुल्या एका रकान्यात, फार तर शेजारच्या, आल्या तरच बिलावर सही. आणि चकती दोन मागायच्या, एक यंत्राला साखळीने बांधलेली, दुसरी ऑफिसच्या कपाटात.